उसना पक्ष

आपणांस जे खरे वाटत नाही ते खरे आहे असे चारचौघांत सांगणे, ह्याला व्यवहारात आपण असत्यभाषण म्हणतो. तेच एखाद्या विद्यार्थ्याने व्यासपीठावर उभे राहून, घड्याळ लावून आणि परीक्षकांसमोर केले, तर त्याला आपण वक्तृत्व म्हणतो, टाळ्या वाजवितो आणि वर एक ढालही देतो. ह्या दोन गोष्टींत नेमका भेद कोणता, आणि तो आपण समजतो तेवढा भक्कम आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु तरुण मुलांची वाणी घडविण्याचे काम ज्याच्याकडे आले आहे त्याला तो टाळता येत नाही. आणि प्रस्तुत लेखकाने तो पुष्कळ वर्षे टाळला, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

प्रश्न जुना आहे. इसवी सनापूर्वी 155 साली अथेन्सने तीन तत्त्वज्ञ आपले दूत म्हणून रोमला पाठविले. त्यांतील कार्निआडीझ ह्याने एके दिवशी न्यायाच्या बाजूने व्याख्यान दिले आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच समर्थपणे न्यायाच्या विरुद्ध दिले, अशी कथा आहे. रोमची तरुण मंडळी मोहून गेली. वृद्ध केटोला मात्र धास्ती वाटली, आणि ह्या पाहुण्यांचे काम लवकर उरकून त्यांची रवानगी करावी असा त्याने आग्रह धरला. तरुणांचा तो मोह आणि केटोची ती धास्ती, ही दोन्ही मला समजतात. किंबहुना ह्या दोहोंपैकी ज्याला एकच समजते त्याने मुलांना वादविवाद शिकवू नये, असेच मला आता वाटू लागले आहे.

हा प्रश्न आज मोठ्या प्रमाणावर जिवंत दिसतो तो अमेरिकेतील उन्हाळी वादविवाद-शिबिरांत. शालेय वादविवादाला त्या देशात जवळजवळ शंभर वर्षांची संघटित परंपरा आहे. विस्कॉन्सिन संस्थानातील रिपन येथे 1925 साली ‘नॅशनल फोरेन्सिक लीग’ ही संस्था निघाली. 1931 साली इव्हान्स्टन येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने शाळकरी मुलांसाठी उन्हाळी संस्था सुरू केली, आणि पुढे अनेक विद्यापीठांनी तो कित्ता गिरविला. शाळांना सुट्टी लागली आणि विद्यापीठांची वसतिगृहे रिकामी झाली की चौदा ते अठरा वर्षांची मुले तेथे दोन, तीन, कोठे त्याहूनही अधिक आठवडे राहावयास येतात. शुल्क काही हजार डॉलरच्या घरात जाते; ज्यांना ते परवडत नाही त्यांपैकी काहींना शिष्यवृत्त्या मिळतात, बाकीचे घरी राहतात.

ह्या शिबिरांतील जो सर्वांत कठीण प्रकार, त्यात साऱ्या देशातील शाळांना वर्षभर एकच विषय असतो. तो बहुधा सरकारच्या धोरणाचा असतो. दोन मुले एका बाजूस, दोन दुसऱ्या बाजूस; प्रत्येकाचे आठ मिनिटांचे मांडणीचे भाषण, पाच मिनिटांचे खंडनाचे भाषण, आणि मध्ये तीन-तीन मिनिटांची उलटतपासणी. मुले सकाळपासून रात्रीपर्यंत अहवाल, नियतकालिके आणि ग्रंथ चाळून उतारे काढतात. त्या उताऱ्यांना ‘कार्ड’ असे म्हणतात. ज्या मुद्द्याला प्रतिपक्षाने उत्तर दिले नाही तो त्याने मान्य केला असे धरण्याची रीत असल्यामुळे, आठ मिनिटांत जितके मुद्दे कोंबता येतील तितके कोंबण्याची विद्या तेथे वाढली आहे. निष्णात मुले मिनिटाला तीनशेंहून अधिक शब्द बोलतात. त्या वेळी ती बोलत आहेत की धाप लागून श्वास घेत आहेत हे नवख्याला कळत नाही. पण ह्या सर्वांहून महत्त्वाचा नियम पुढचाच आहे. जे मूल सकाळी ठरावाच्या बाजूने बोलते तेच दुपारी ठरावाच्या विरुद्ध बोलते. बाजू निवडावयाची नसते. ती वाट्यास येते.

2018 च्या उन्हाळ्यात मी माझ्या धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत होतो. तिची मुलगी त्या वेळी सोळा वर्षांची होती आणि अशाच एका शिबिरास गेली होती. त्या वर्षीचा विषय असा होता की, कायदेशीर मार्गाने अमेरिकेत स्थायिक होऊ पाहणाऱ्यांवरील निर्बंध संयुक्त संस्थानांच्या सरकारने बऱ्याच प्रमाणात कमी करावेत. आता हा विषय माझ्या बहिणीच्या घरात केवळ विषय नव्हता. तेथील 1990 च्या कायद्याप्रमाणे नोकरीच्या आधारे मिळणारे कायम वास्तव्याचे परवाने वर्षाला सुमारे 1,40,000 असतात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतील 7 टक्क्यांहून अधिक सामान्यतः मिळत नाहीत. भारतात जन्मलेल्या अर्जदारांची रांग त्यामुळे कित्येक वर्षे लांबलेली आहे. माझे मेहुणे त्या रांगेत होते. भाचीचा जन्म पुण्याचा. ती वडिलांच्या अर्जावर अवलंबून होती, आणि एकविसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत परवाना आला नाही तर त्या अर्जावरचा तिचा हक्क सुटणार होता.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिला आणावयास गेलो. अखेरची फेरी पालकांना पाहू देतात. प्रतिपक्षाची योजना नेमकी ही होती की देशवार मर्यादाच काढून टाकावी. आणि माझ्या भाचीच्या वाट्यास ती योजना हाणून पाडण्याचे काम आले होते. तिने ते उत्तम केले. मर्यादा काढल्यास येथील मजुरीवर काय परिणाम होईल, इतर देशांतील अर्जदारांवर कसा अन्याय होईल, आणि शिकलेली माणसे निघून गेल्याने भारतासारख्या देशांचे कसे नुकसान होते, हे तिने एकामागून एक कार्ड वाचून सांगितले. ती जिंकली. समोरची दोन्ही मुले गोरी होती, आणि माझ्या मेहुण्यांच्या हिताची बाजू तीच दोघे मांडीत होती.

परतीच्या वाटेत मोटारीत फारसे कोणी बोलले नाही. शेवटी माझ्या बहिणीने विचारले, “हे सगळं ठीक आहे गं, पण तुला स्वतःला काय वाटतं?” भाची खिडकीतून बाहेर पाहत होती. ती म्हणाली, “आई, ते तिथे कुणी विचारतच नाही.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पोहण्याच्या शर्यतीत कोणी पाण्याची चव विचारीत नाही, इतक्या सहजपणे ती ते बोलली. मला मात्र ते वाक्य लागले.

ह्या नियमाविषयीचा वाद अमेरिकेत नवा नाही. थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी 1913 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हार्वर्डमध्ये असताना आपण वादविवादाचा अभ्यास केला नाही ह्याबद्दल समाधान व्यक्त केले आहे. वाट्यास आलेली बाजू आपल्याला पटो वा न पटो, ती मांडावयास तरुणांना शिकविणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. 1954 साली महाविद्यालयीन वादविवादासाठी चीनच्या साम्यवादी सरकारला मान्यता द्यावी काय, हा विषय आला, तेव्हा भूदल आणि नौदल ह्यांच्या प्रबोधिनींनी आपल्या छात्रांना अनुकूल बाजू मांडण्यास मनाई केली. त्यानंतर तीन वर्षांनी रिचर्ड मर्फी ह्या प्राध्यापकांनी दोन्ही बाजूंनी बोलण्याच्या नीतिमत्तेवरच आक्षेप घेतला. चारचौघांत दिलेले मत हे त्या माणसाचे मत असले पाहिजे, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. उलट पक्षाचे उत्तर असे होते की, वादविवाद हे शिक्षण आहे, जाहीर निवेदन नव्हे. आणि जो दोन्ही बाजू तपासीत नाही त्याचे मत हे मत नसून केवळ सवय होय.

हे उत्तर हलके नाही. आपण ज्याला निष्ठा म्हणतो तिचा पुष्कळ भाग घर, जात, गाव आणि वर्तमानपत्र ह्यांच्याकडून वारशाने आलेला असतो. सोळा वर्षांच्या मुलाला केवळ त्याच्या मताची बाजू मांडू देणे म्हणजे बहुधा त्याच्या वडिलांच्या मताची बाजू मांडू देणे होय. शिवाय 1954 च्या मनाईचा अर्थ ध्यानात घ्यावा. तेथे विद्यार्थ्याची सदसद्विवेकबुद्धी आड आली नव्हती. वरिष्ठांचे भय आड आले होते. जी सत्ता विरुद्ध बाजू सरावासाठीही उच्चारू देत नाही तिला आपल्या बाजूचा भरवसा नाही असेच म्हणावे लागेल. अशा मनाईच्या पंक्तीस बसण्याची माझी इच्छा नाही.

आपल्याकडील शास्त्रकारांनी ह्या विषयाचा किती बारीक विचार केला होता हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वाचा निर्णय व्हावा म्हणून होतो तो वाद. जिंकण्यासाठी, छलादी साधने वापरूनही होतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न स्थापता केवळ दुसऱ्याचे खंडन चालते ती वितंडा. त्याच ग्रंथात पराभवाची जी स्थाने गणली आहेत त्यांत ‘अविज्ञातार्थ’ हे एक आहे: तीनदा सांगूनही सभेला व प्रतिवाद्याला जे समजत नाही असे बोलणारा हरला असे समजावे. आणि असे न समजणारे बोलणे कशाने होते ह्याची कारणे देताना भाष्यकार वात्स्यायनाने अतिशय जलद उच्चारणे हेही एक कारण दिले आहे! मिनिटाला तीनशे शब्द बोलणाऱ्या मुलांना आमच्या ह्या भाष्यकाराने पहिल्याच फेरीत बाद केले असते.

परंतु मला येथे महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी आहे. आपले शास्त्रीय ग्रंथकार प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम मांडीत, आणि तेही असे की प्रतिपक्षालाही ते त्याहून बळकटपणे मांडता येऊ नये. ह्याला पूर्वपक्ष म्हणतात. उसना पक्ष मांडण्याची कला ती हीच. तथापि पूर्वपक्षानंतर ग्रंथकार उठून जात नसे. त्याला सिद्धान्त सांगावा लागे, आणि तो त्याला स्वतःचा म्हणून सांगावा लागे. पूर्वपक्ष जितका प्रबळ, तितकी सिद्धान्ताची जबाबदारी मोठी. अमेरिकेतील शिबिरांत आणि आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत पूर्वपक्ष दोन असतात. सिद्धान्त एकही नसतो. घंटा वाजते, परीक्षक निकाल देतात, आणि मुलगा जिना उतरून जातो.

ह्यात बिघडले कोठे? ते मला एका विद्यार्थ्याने शिकविले. ती हकीकत सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

1994 सालची गोष्ट. मी नुकताच अधिव्याख्याता झालो होतो, आणि वादविवाद मंडळाचे काम उत्साहाने अंगावर घेतले होते. मंडल आयोगाच्या शिफारशींचा वाद 1990 पासून पेटलेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1992 च्या नोव्हेंबरात लागला होता, तरी महाविद्यालयांतून वातावरण निवळले नव्हते. स्पर्धेचा विषय अर्थातच राखीव जागांचा होता. माझ्या संघात एक दलित विद्यार्थी होता. त्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तो पहिलाच. चिठ्ठ्या टाकल्या, आणि राखीव जागांच्या विरुद्ध बोलण्याची पाळी त्याच्यावर आली. तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, “सर, चिठ्ठी बदलता येईल का?” मी त्याला एक लहानसे प्रवचन दिले. वादविवाद हा बुद्धीचा व्यायाम आहे, बाजू ही वकिलाच्या झग्यासारखी असते, न्यायालयाबाहेर पडताच ती खुंटीला टांगावयाची, वगैरे. ते सारे मी इंग्रजी पुस्तकांत वाचले होते आणि मला ते मनापासून पटलेले होते.

तो बोलला, आणि फार चांगला बोलला. त्याला दुसरे पारितोषिक मिळाले. सभागृहात इतक्या टाळ्या झाल्या की सूत्रसंचालकाला थांबावे लागले. पुढच्या वर्षी त्याने मंडळात नाव घातले नाही. मी कारण विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “सर, त्या टाळ्या माझ्या भाषणाला नव्हत्या.”

त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा उमगला. सभागृहातील पुष्कळांना त्या दिवशी खेळ दिसलाच नव्हता. ‘पाहा, हा स्वतःच म्हणतो आहे,’ एवढेच त्यांनी ऐकले होते. मी ज्याला झगा म्हणालो तो झगा त्याच्या बाबतीत खुंटीवर राहणारा नव्हता. त्याचे शब्द दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या खाणावळीत त्याच्याच तोंडावर फेकले गेले असतील, ह्याचा मी विचारही केला नव्हता. त्याच स्पर्धेत दुसऱ्या एका सुखवस्तू घरच्या मुलाने राखीव जागांच्या बाजूने भाषण केले होते. त्यानेही उसनाच पक्ष मांडला. पण त्यासाठी त्याला काहीही मोजावे लागले नाही, उलट औदार्याचे श्रेय मिळाले. नियम दोघांना एकच होता. त्याची किंमत मात्र एकालाच भरावी लागली.

वकिलाची उपमा येथे लंगडी पडते. वकील परक्याची बाजू घेतो कारण त्या परक्याला वाचा नसते आणि कोणीतरी त्याच्यासाठी बोलणे न्यायाला अवश्य असते. वादविवादाच्या व्यासपीठावर पक्षकारच नसतो. तेथे बोलणारा मुलगा हाच स्वतःचा एकमेव पक्षकार असतो, आणि त्या दिवशी त्या विद्यार्थ्याच्या पक्षकाराविरुद्ध मी त्यालाच उभे केले होते.

ह्यावरून उसना पक्ष मांडणेच त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते. शिबिराच्या वर्गात, चार मुलांपुढे आणि एका शिक्षकापुढे, विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट रूप उभे करून पाहणे ही उत्तम विद्या आहे. तिच्यावाचून वाढलेल्या मुलाला आपला प्रतिपक्षी मूर्ख तरी वाटतो किंवा दुष्ट तरी वाटतो. परंतु ती विद्या प्रेक्षकांपुढे, टाळ्यांसाठी आणि ढालीसाठी आणली की तिचे रूप पालटते, कारण प्रेक्षक शब्द घरी घेऊन जातात आणि खेळ सभागृहातच ठेवून जातात. दुसरे असे की, ज्याच्या जिवाशी विषय भिडला आहे त्याला ‘ही बाजू मी मांडणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि त्याबद्दल त्याला हार पत्करावी लागू नये. हा अधिकार संस्थेचा नव्हे, विद्यार्थ्याचा. 1954 ची मनाई आणि माझ्या विद्यार्थ्याची विनंती ह्यांत हाच भेद आहे.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे दोन भाषणांनंतरचे तिसरे भाषण. कोणी म्हणेल, सोळा वर्षांच्या मुलाजवळ सिद्धान्त कोठला? नसेना का. ‘मला अद्याप ठरविता येत नाही, आणि अमुक एका मुद्द्यामुळे येत नाही,’ हाही एक सिद्धान्तच आहे, फक्त तो त्याचा स्वतःचा असावा. त्याला गुण देऊ नयेत, त्यावर निकाल लावू नये. परंतु कोणीतरी ते विचारावे आणि कोणीतरी ते शेवटपर्यंत ऐकावे. दोन्ही बाजूंना सारखेच बोलता येणाऱ्या माणसाला हा प्रश्न वर्षानुवर्षे कोणी विचारलाच नाही, तर एक दिवस त्याच्यापाशी उत्तर उरत नाही. असे वाक्पटू आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते खोटे बोलत नाहीत; खरे बोलण्याची जागाच त्यांच्या ठिकाणी ओस पडलेली असते.

माझ्या भाचीला ते तिसरे भाषण करावयास मिळाले, आणि ते तिच्या वडिलांमुळे. मोटारीतल्या त्या दिवसानंतर तीन-चार रात्रींनी जेवणे आटोपल्यावर मेहुण्यांनी तिला शांतपणे विचारले, “तू जे सगळं वाचून दाखवलंस, त्यातलं तुला स्वतःला न खोडता येणारं काय होतं?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा, मजुरीचं मला पटत नाही. रांगेचं तर मुळीच पटत नाही. जन्म कुठे झाला ते बघून रांग लावणं अन्यायच आहे. पण शिकलेली माणसं निघून गेली की मागे राहिलेल्यांचं काय होतं, ते मला खोडता आलं नाही. आपण आलो त्यानं तिकडे कुणाचं काही गेलं का, हे मी आधी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.” आणि तिने माझ्याकडे पाहिले. “मामा, गेलं का?”

मला उत्तर देता आले नाही. आमची आई पुण्याच्या घरी एकटीच होती, हे त्या टेबलाभोवती बसलेल्या आम्हा सर्वांना ठाऊक होते. मेहुण्यांनी वाद घातला नाही; मुलीच्या पाठीवर हात ठेवला एवढेच. शिबिराच्या तीन आठवड्यांत तिने जे मिळविले त्याचे चीज झाले ते मला वाटते त्या घटकेस. उसन्या पक्षाने तिला एक खरा प्रश्न दिला होता. पण तो तिचा झाला तो कोणीतरी विचारल्यानंतर.

2023 साली ती एकवीस वर्षांची झाली. वडिलांचा अर्ज रांगेतच होता. तिला विद्यार्थिनी म्हणून निराळा परवाना काढावा लागला. तिने मला फोनवर ते कळविले तेव्हा, ज्या मर्यादेच्या बाजूने तिने ती फेरी जिंकली होती तिची मला आठवण झाली. परंतु ती आठवण मी बोलून दाखविली नाही. मी फक्त विचारले, “आता तुला काय वाटतं?” आणि ती सांगू लागली. अर्ध्या तासाहून अधिक वेळ ती बोलत होती, सावकाश, मध्येच अडखळत, स्वतःचे म्हणणे स्वतःच दुरुस्त करीत. मी ऐकत राहिलो. 1994 साली एका विद्यार्थ्याला मी हा प्रश्न विचारावयास हवा होता.